लष्करी पोस्टकार्डाचा माग: चित्र, पाठ आणि शिक्का

पहिले पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपाल खात्याने १ ऑक्टोबर १८६९ रोजी विक्रीला काढले आणि वर्षभराच्या आत ते लढाईवर गेले. जुलै १८७० मध्ये प्रशिया आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा उत्तर जर्मनीत कार्डे सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. छावणीत बसून चार ओळी खरडायला सैनिकाला याहून सोयीचे काही नव्हते. त्या युद्धात लाखो कार्डे घरोघर गेली. भारतात पाव आण्याचे कार्ड १८७९ मध्ये आले. ही सगळी सुरुवातीची कार्डे बिनचित्रांची होती. एका बाजूला चित्र आल्यावर मजकुराला जागा उरेना, म्हणून पत्त्याच्या बाजूवर मधोमध उभी रेघ मारून डावीकडचा भाग लिहिण्यासाठी मोकळा करण्यात आला. ब्रिटनने ही मुभा १९०२ मध्ये दिली, जर्मनीने १९०५ मध्ये. त्यामुळे १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले ते सचित्र कार्डांचे वेड ऐन भरात असताना. त्या युद्धात एकट्या जर्मन लष्करी टपालातून सुमारे २८.७ अब्ज पत्रे, कार्डे आणि पुडकी गेली-आली असे मानतात. त्यांतली बहुतेक नष्ट झाली. जी उरली, त्यांवर आजचा संग्रहाचा छंद उभा आहे.

संग्राहकाच्या हाती असे कार्ड येते ते बहुधा मूळ अल्बममधून सुटून, रद्दीच्या खोक्यातून किंवा लिलावातल्या गठ्ठ्यातून. हे कुठले आणि कधीचे, हा त्याचा पहिला प्रश्न. दिसायला तो एक आहे, पण आत पाच-सहा प्रश्न गुंतलेले असतात. फोटो एका ठिकाणी निघतो, छपाई दुसऱ्या गावी होते, विक्री तिसऱ्या गावी. लिहिणारा महिन्या-दोन महिन्यांनी लिहितो आणि शिक्का आणखी कुठेतरी बसतो. या प्रत्येक टप्प्याची तारीख वेगळी असू शकते. बहुतेक घोटाळे होतात ते एका टप्प्याची तारीख दुसऱ्याला चिकटवल्यामुळे. त्यातही चित्र हा सर्वांत कच्चा साक्षीदार असतो. जाणकार कार्ड हातात येताच आधी उलटे करून पाहतात, ते त्यामुळेच.

काही कार्डांवर तर चित्रच नसते. ब्रिटिश सैन्याचे ‘फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड’ हा या वर्गाचा मासला. त्यावर मी बरा आहे, मी रुग्णालयात दाखल झालो आहे, तुमचे पत्र मिळाले अशी वाक्ये छापलेली असत. सैनिकाने नको ती खोडायची आणि खाली तारीख व सही करायची. याखेरीज एक शब्द जरी लिहिला तरी कार्ड नष्ट केले जाईल, अशी तंबी कार्डावरच होती. लिहिण्याची सोय आणि लिहिण्याची बंदी एकाच पुठ्ठ्यावर आणणारा हा कागद अभ्यासक पॉल फसेल यांनी आपल्या १९७५ च्या ग्रंथात बारकाईने तपासला आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीने अशीच युक्ती नऊ भाषांत केली: मी निरोगी आहे आणि माझे बरे चालले आहे, एवढे एकच वाक्य जर्मन, हंगेरियन, चेक, पोलिश अशा भाषांत ओळीने छापलेले. साम्राज्याचा भाषिक नकाशाच त्या कार्डावर उतरलेला दिसतो. अर्थात माणसे बंदीतूनही वाट काढत. कवी विल्फ्रेड ओवेनने आईशी ठरवून ठेवले होते, की तळावर पाठवत असल्याच्या वाक्यावर दुहेरी काट मारली तर तो आघाडीवर आहे असे समजायचे. हिंदी सैनिकांच्या पत्रांत काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, हा संकेत सेन्सॉरलाही लवकरच कळला होता. तेव्हा अशा छापील कार्डावरची काट कशी मारली आहे, हेही नीट पाहावे लागते. काटेला अर्थ असू शकतो.

खरा गुंता सचित्र कार्डांचा. त्यासाठी एकच प्रकार जरा जवळून पाहणे बरे. २६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी सैन्याची पहिली तुकडी मार्सेयच्या बंदरात उतरली. शहरातल्या बोरेली उद्यानाच्या परिसरात तंबू पडले आणि फ्रेंच फोटोग्राफरांना आयतेच खाद्य मिळाले. पाणी भरणारे भिश्ती, कणीक मळणारे लांगरी, बकऱ्यांचे कळप, फेटे बांधणारे जवान, कडेला उभी राहून पाहणारी फ्रेंच पोरे: यांची कार्डे धडाक्याने निघाली. पुढे ओर्लेआँच्या छावणीचीही निघाली. त्यांवर ‘हिंदू’ या अर्थाचा फ्रेंच शब्द छापलेला आढळतो. तो पाहून आजचा वाचक चित्रातल्या माणसांचा धर्म ठरवायला जातो आणि फसतो. त्या काळच्या फ्रेंच बोलीत हिंदुस्थानातला कोणीही माणूस ‘हिंदू’च होता, मग तो शीख असो, पठाण असो की गुरखा. चित्रातल्या दाढ्या आणि फेटे वेगळेच सांगत असले तरी मथळा बदलत नाही.

मग या कार्डावर कोण आहे, हे ठरवायचे कसे? कपड्यांवरून सुरुवात करता येते. पहिल्या तुकड्या सुती खाकी कपड्यांत उतरल्या. फ्रान्सच्या थंडीला पुरेसे गरम कपडे त्यांना नंतर मिळाले. म्हणजे सुती कपड्यांतले चित्र बहुधा १९१४ च्या शरदातले, किंवा पुढच्या उन्हाळ्यातले. हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियाकडे पाठवले गेले आणि घोडदळ १९१८ च्या सुरुवातीपर्यंत राहिले. यावरून एक साधा पण पक्का नियम निघतो: हिंदी पायदळाचे फ्रान्समधले चित्र १९१७ च्या शिक्क्यासह सापडले, तर शिक्का खरा आणि चित्र जुने. दुकानदाराने उरलेला माल खपवला, इतकेच. मराठी वाचकाला या चित्रांत आपली माणसे शोधावीशी वाटणे साहजिक आहे, पण इथेही सावध राहावे लागते. मराठा पायदळाच्या पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणींतले लोक एप्रिल १९१६ मध्ये कुत अल-अमाराच्या शरणागतीत सापडले. फ्रान्समध्ये मात्र खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेलच्या रस्त्यांवर त्या झुंजल्या आणि त्यांत मराठे, शीख व मुसलमान असे सगळेच होते. फावडी-कुदळी घेतलेल्या जवानांचे फ्रेंच कार्ड दिसले तर हा धागा तपासायला हरकत नाही. पण खांद्यावरचे अक्षर किंवा बिल्ला वाचता येत नसेल, तर ‘मराठा सैनिक’ अशी चिठ्ठी त्याला लावणे घाईचे होईल.

फ्रेंच कार्डाच्या मथळ्याशेजारी बारीक अक्षरात बरीच माहिती असते. ‘विझे पारी’ असे शब्द आणि पुढे क्रमांक असेल, तर ते चित्र पॅरिसच्या सेन्सॉरने पास केलेले आहे. ई.एल.डी. ही अक्षरे ल दले या प्रकाशकाची. इतर छापखान्यांच्याही अशा आद्याक्षरी खुणा असत. पण प्रकाशक कळला म्हणजे फोटोचे ठिकाण कळले असे नाही. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत फोटोग्राफरांना आघाडीवर जायला बंदी होती आणि गिऱ्हाइकाला तर लढाई पाहायची होती. तेव्हा शांततेच्या काळातल्या कवायतींचे जुने फोटो नव्या मथळ्यांनी बाजारात आले. चित्रातला फ्रेंच शिपाई लाल विजारीत असेल तर चित्र बहुधा १९१५ च्या आधीचे, कारण त्या वर्षी निळसर-करड्या गणवेशाने लाल विजारीची जागा घेतली. फ्रेंचांचे पोलादी शिरस्त्राण १९१५ मध्ये आले, जर्मनांचे १९१६ मध्ये. रंगावर मात्र विसंबू नये. बहुतेक कार्डे काळ्या-पांढऱ्या फोटोवर नंतर रंग चढवलेली असतात आणि रंगवणाऱ्याने तो गणवेश कधी पाहिलाही नसेल.

ब्रिटिश कार्डांची गोष्ट आणखी मजेची. युद्धापूर्वी ब्रिटनमध्ये विकली जाणारी कितीतरी कार्डे जर्मनीत छापली जात, कारण सॅक्सनीतले रंगीत छपाईचे कारखाने स्वस्त आणि सरस होते. ‘सॅक्सनीत छापले’ अशी ओळ असलेले ब्रिटिश पलटणीचे कार्ड ऑगस्ट १९१४ पूर्वीचे, हे निःशंक. पण तेच कार्ड १९१५ मध्ये एखाद्या टॉमीने, म्हणजे ब्रिटिश शिपायाने, आईला पाठवलेले सापडू शकते. ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने १९१६ मध्ये सरकारी युद्धछायाचित्रांचे हक्क घेऊन आठ-आठ कार्डांचे २२ संच काढले. ही १७६ कार्डे संग्राहकांची लाडकी आहेत, कारण त्यांची यादी पूर्ण आहे आणि प्रत्येकावर छापील मथळा आहे. उलट रफाएल टक या बड्या प्रकाशकाची लंडनमधली इमारत २९ डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाली आणि कचेरीतले जुने दप्तर तिच्याबरोबर गेले. त्या कंपनीच्या कार्डांचे अनेक प्रश्न म्हणूनच आता फक्त कार्डे समोरासमोर ठेवून सोडवावे लागतात. एका युद्धाच्या कार्डांचा पुरावा दुसऱ्या युद्धात गेला.

छापील कार्डाहून अवघड असते खऱ्या फोटोचे कार्ड. छावणीजवळचा फोटोग्राफर पोस्टकार्डाची पाठ आधीच छापलेल्या फोटो-कागदावर चित्र उतरवून दहा-बारा प्रती देई. त्याला ना मथळा, ना प्रकाशक. असे कार्ड कधीकधी जगात एकच असते. इथे उपयोगी पडतो तो तिकिटाच्या चौकटीतला कागद-कंपनीचा छाप. अमेरिकन ‘एझो’ कागदावर चारही त्रिकोण वर टोक करून असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. दोन वर आणि दोन खाली असतील तर त्यानंतरचा. पण ही कागदाची तारीख झाली, फोटोची नव्हे. जुन्या काचेवरून नवी प्रत काढणे फोटोग्राफरला कधीही जमत असे.

टपालाचा शिक्का हा पुष्कळांना शेवटचा शब्द वाटतो, आणि शांततेत तो असतोही. युद्धात तो मुद्दामच मुका केलेला असे. सैन्य कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून शिक्क्यात गावाऐवजी फक्त क्रमांक येई. ही पद्धत मराठी घरांना परकी नाही. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या फौजी घरांत ‘द्वारा ५६ एपीओ’ हा पत्ता पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला आहे, आणि मुलगा नेमका कुठे आहे हे त्यावरून कधीच कळले नाही. पहिल्या महायुद्धातही हिंदी टपालाचे शिक्के ‘एफ.पी.ओ.’ आणि क्रमांक एवढेच सांगत. तो क्रमांक कोणत्या डिव्हिजनबरोबर कोणत्या महिन्यात कुठे होता, याच्या याद्या टपाल-इतिहासाच्या अभ्यासकांनी कष्टाने जुळवल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी क्षेत्रीय टपाल कचेऱ्यांवर ब्रिगेडियर डी. एस. विर्क यांचा ग्रंथ आजही आधाराला घेतला जातो. पहिल्या युद्धासाठी आणखी एक खूण हाताशी आहे. परदेशी गेलेल्या हिंदी फौजांना (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजेच आय.ई.एफ.) अक्षरे दिलेली होती: ‘ए’ फ्रान्सला, ‘बी’ आणि ‘सी’ पूर्व आफ्रिकेला, ‘डी’ मेसोपोटेमियाला, ‘ई’ आणि ‘एफ’ इजिप्त-सुएझकडे, ‘जी’ गॅलिपोलीला. पत्त्यात ‘आय.ई.एफ. डी’ असेल, तर चित्र लंडनच्या पुलाचे का असेना, कार्ड बसरा-बगदादच्या वाटेवरचे. पाचव्या जॉर्जच्या तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ हा ठसा १९१४ पासून मारला गेला. ती अक्षरे तिकिटावर दिसली तर फौज कळते, पण कुठली ते कळत नाही.

शिक्का नसलेल्या कार्डांची संख्या मात्र नवशिक्याला चकित करते. याचे कारण साधे. सैनिक कार्ड अनेकदा पाकिटात घालून पाठवत, काही सुटीत स्वतः घेऊन येत आणि काही आठवण म्हणून विकत घेऊन कधीच लिहीत नसत. पाठ कोरी असली की मग देशांचे झेंडे कामाला येतात. फ्रेंच सैनिकांसाठीच्या बिनतिकिटाच्या कार्डांवर मित्रराष्ट्रांचे झेंडे छापलेले असत, आणि नवा मित्र आला की नव्या छपाईत झेंडा वाढे. इटली मे १९१५ मध्ये, रुमानिया ऑगस्ट १९१६ मध्ये, अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली. झेंडे मोजले की कार्ड अमुक महिन्याच्या आधीचे नाही, एवढे तरी नक्की होते.

हाच हिशेब रेशमी भरतकामाच्या कार्डांना लागू पडतो, आणि त्यांच्याभोवती तर एक दंतकथाच तयार झाली आहे. जाळीदार रेशमावर झेंडे, फुले, पलटणीची चिन्हे भरून ती पट्टी पुठ्ठ्यावर चिकटवलेली ही कार्डे १९१४ ते १९१८ मध्ये फ्रान्सभर विकली गेली. आघाडीमागच्या खेड्यांत निर्वासित फ्रेंच आणि बेल्जियन बायका ती घरी बसून हाताने भरत, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. गोष्ट मनाला भिडणारी आहे, म्हणूनच ती टिकली. पण एकाच नमुन्याची पाच कार्डे शेजारी ठेवून भिंगाखाली टाके मोजले तर ते जवळजवळ तंतोतंत जुळतात. एकाच्या पाठीमागे धागा जिथून ओढला आहे तिथूनच दुसऱ्याच्याही. हाताच्या कामात असे होत नाही. एका वेळी अनेक नमुने भरणाऱ्या स्विस पद्धतीच्या भरतकाम-यंत्रांकडे हा पुरावा बोट दाखवतो. काही कार्डांवर हाताने हात फिरवला असेल, ते नाकारायचे कारण नाही. पण ‘बायकांनी घरी भरलेले’ म्हणून ज्यादा किंमत मागणाऱ्या विक्रेत्याशी घासाघीस करायला टाक्यांचा हा हिशेब पुरेसा आहे.

मजकुराकडे वळले की आणखी एक पेच समोर येतो: लिहिणारा कोण? हिंदी शिपायांतले बरेच निरक्षर होते. पत्रे पलटणीतला लिहिता माणूस लिही आणि गावी कोणीतरी वाचून दाखवी. तेव्हा अक्षर आणि सही एकाच माणसाची असे धरून चालता येत नाही. फ्रान्समधल्या हिंदी टपालावर बुलोनच्या सेन्सॉर कचेरीची नजर होती. तिने केलेली भाषांतरित टिपणे ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि इतिहासकार डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतली निवडक पत्रे ग्रंथरूपाने आणली. मूळ मराठीत लिहिलेली पत्रेही त्यांत आहेत, पण आता ती इंग्रजी उताऱ्यांतच वाचावी लागतात.

मूळ मराठी कार्ड कुठे सापडलेच, तर ते वाचायला मोडी यावी लागते, कारण त्या काळी घरगुती पत्रव्यवहारात मोडीचाच वावर होता. तारीखही शके आणि तिथीत असू शकते. समजा, कार्डावर ‘माघ शुद्ध पंचमी, शके १८३६’ अशी नोंद आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हा शाळेतला हिशेब केला तर १९१४ येते, म्हणजे महायुद्ध सुरू होण्याआधीचे कार्ड! पण शके पाडव्याला बदलते आणि माघ येतो वर्षाच्या शेवटी. तिथे ७९ मिळवायला हवेत. कार्ड जानेवारी १९१५ चे निघते, आणि हिंदी पायदळ फ्रान्सच्या चिखलात उभे होते त्या हिवाळ्याशी ते बरोबर जुळते.

युद्धकैद्यांच्या कार्डांचा हेतूच वेगळा असल्यामुळे त्यांचे चित्र आणखी संशयाने पाहावे लागते. बर्लिनजवळ व्युन्सडोर्फला जर्मनांनी ‘अर्धचंद्र छावणी’ उभारली. तिथे मुख्यतः मुसलमान कैदी होते आणि हिंदी कैद्यांचा वेगळा विभाग होता. १९१५ मध्ये मुसलमान कैद्यांसाठी लाकडी मशीद बांधली गेली आणि तिची कार्डे निघाली. ब्रिटिश आणि फ्रेंच साम्राज्यांतल्या मुसलमानांना आपल्या बाजूला वळवण्याचा तो प्रचार होता. समोरच्या बाजूने ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियनमधल्या हिंदी रुग्णालयाची कार्डे काढली: राजवाड्याच्या घुमटाखाली ओळीने खाटा आणि नीट बसवलेले जखमी. दोन्ही चित्रे खरी आहेत, दोन्ही जागा होत्या. फरक एवढाच, की कॅमेरा कुठे ठेवायचा हे आधी ठरले होते. महाराष्ट्रातही अशी छावणी होती. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, इथे पहिल्या युद्धात जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक व सैनिक स्थानबद्ध होते. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी १९१७ मध्ये ती छावणी पाहिली. त्याआधी बोअर युद्धातले कैदीही इथे आणले गेले होते. नगरच्या छावणीचे आणि सेन्सॉरचे शिक्के असलेली कार्डे टपाल-संग्राहकांत मागणीची आहेत.

मागणी आली की नक्कल येते. सुदैवाने नकला ओळखणे फार अवघड नाही. छापील नकलेत भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसते. खऱ्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा सलग उतरतात आणि जुन्या फोटोच्या गडद भागांवर तिरप्या उजेडात चांदीसारखी झाक चमकते. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा झगमगला तर तो साधारण १९५० नंतरचा, कारण कागद उजळ करणारी रसायने तेव्हापासून रुळली. चित्राची नक्कल करणाऱ्याला शिक्क्याची नक्कलही करता येते, पण तिथे तो बहुधा चुकतो: पलटण एका देशात आणि टपाल कचेरीचा क्रमांक दुसऱ्या. शिवाय खरा शिक्का शाईवर बसतो की शाईखाली, हे पाहिले तर आधी लिहिले की आधी ठसा मारला, तेही कळते.

अभ्यासाच्या अंगाने हा विषय उशिरा मानाला चढला. टोनी आणि वॅलमाय होल्ट यांचे १९७७ चे पुस्तक संग्राहकांसाठी होते. इतिहासकार कार्डांकडे पुरावा म्हणून पाहू लागले ते त्यानंतर. लंडनचे इम्पीरियल वॉर म्युझियम, पेरॉनचे युद्धसंग्रहालय आणि १९१५ मध्ये युद्ध चालू असतानाच सुरू झालेले श्टुटगार्टचे ग्रंथालय इथे मोठे साठे आहेत. अनेक संस्थांनी चित्रे संगणकावर ठेवली आहेत, पण पुष्कळदा फक्त पुढची बाजू. पाठीचे छायाचित्र नसले की वर सांगितलेल्या बहुतेक कसोट्या वापरताच येत नाहीत.

शेवटी सापडण्याच्या जागेचाही विचार करावा लागतो. कार्ड लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ते पत्त्यावर जाते. म्हणून हिंदी जवानांची फ्रेंच कार्डे मुख्यतः फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये सापडतात. ती विकत घेणारे आणि पाठवणारे बहुधा तिथलेच होते. नगरच्या छावणीतून लिहिलेली जर्मन आणि ऑस्ट्रियन घरांतून निघतात. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या घरांत जी थोडी कार्डे पोचली, त्यांना वाळवी आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा सोसावा लागला. तिथे पदके टिकली, पेन्शनची कागदपत्रे जपली गेली, कारण त्यांच्यावर पैसा मिळत होता. कार्ड मात्र वाचून झाले की तुळईला अडकवलेल्या तारेला टोचले जाई. पुण्यात जुन्या बाजारात आजही अशी मधोमध भोक पडलेली कार्डे रद्दीत दिसतात. ते भोक दोष धरून किंमत पाडणारे विक्रेते आहेत, पण कार्ड कुठेतरी पोचले आणि तिथे काही वर्षे टांगून राहिले, याचा तेवढा एकच पुरावा त्यावर असतो.